दुष्काळातले तरुण तुकोबा

तसबिरीतले तुकोबा नेहमी शांत आणि पोक्त दिसतात. तेही कधी एकवीस-बावीस वर्षांचे होते हे आपल्या मनातच येत नाही. आपल्या मंडळातली मुले याच वयात शिक्षण संपवतात आणि नोकरी, व्हिसा, लग्न, सगळ्यालाच उशीर होतो आहे या धास्तीने रात्री जागून काढतात. म्हणून यंदा मला त्या तरुण तुकोबांविषयी लिहावेसे वाटले.

१६०८ हे जन्मसाल धरले (त्याविषयी मतभेद आहेत), तर पोरवयातच देहूचे दुकान त्यांच्या गळ्यात पडले, कारण थोरले सावजी संसारात रमत नव्हते. सतराच्या सुमारास वडील बोल्होबा आणि आई कनकाई गेली. पाठोपाठ सावजीही घर सोडून तीर्थयात्रेला निघून गेले. त्यानंतर १६३० चा तो भीषण दुष्काळ आला. पैसा गेला, पत गेली. थोरली पत्नी रखमाबाई अन्नावाचून गेली, लहानगा संतूही गेला. लोकांत तोंड दाखवायची लाज वाटू लागली, असे तुकोबांनी स्वतःच एका अभंगात सांगून ठेवले आहे. एवढे सगळे आणि वय अवघे बाविशीच्या आतबाहेर!

त्यांनी पुढे जे केले ते मला फार आवडते, कारण ते अगदी साधे आहे. घराण्याचे विठोबाचे देऊळ मोडकळीला आले होते, ते आधी नीट करायला घेतले. एकादशीला कीर्तन करू लागले. सुरुवातीला त्यात चित्त लागत नव्हते, हेही त्यांनी लपवलेले नाही. मग आधीच्या संतांची वचने पाठ केली आणि पुढे गाणाऱ्यांच्या मागे उभे राहून ध्रुपद धरले. चार हजारांहून अधिक अभंगांचा धनी आधी मागे उभा राहून साथ करीत होता! घरच्या कर्जखतांपैकी धाकट्या कान्होबांचा निम्मा वाटा त्यांना दिला आणि आपल्या वाट्याची खते इंद्रायणीत सोडली, असे सांगतात. स्वतःची कविता आली ती या सगळ्यानंतर, स्वप्नात नामदेवांनी ते काम सोपवल्यावर. १६५० साली ते गेले, म्हणजे आयुष्य जेमतेम बेचाळीस वर्षांचे.

भंडारा डोंगरावर ते दिवसचे दिवस एकटे बसत. चरित्रकार इथे एकांताचे वर्णन करतात, आणि ते योग्यच आहे. पण दुसरी पत्नी जिजाई त्यांच्याहूनही लहान होती. घरात दाणा नाही, पदरी मुले, आणि तरी ती भाकरी बांधून डोंगर चढायची, वाटेत त्यांच्या नावाने बोटे मोडायची आणि त्यांनी खाल्ल्याशिवाय स्वतः जेवायची नाही, अशी परंपरेतली आठवण आहे.