अबेबे बिकिला

अबेबे बिकिला (७ ऑगस्ट १९३२ – २५ ऑक्टोबर १९७३) हे इथियोपियाचे मॅरेथॉन धावपटू होते. ऑलिंपिक मॅरेथॉन सलग दोनदा जिंकणारे ते पहिले धावपटू होत.

कारकीर्द

सम्राटांच्या अंगरक्षक दलात असताना ओन्नी निस्कानेन या स्वीडिश प्रशिक्षकांनी त्यांना घडवले. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये नवे बूट पायांना सोयीचे न वाटल्याने ते अनवाणी धावले आणि २ तास १५ मिनिटे १६.२ सेकंद या विश्वविक्रमी वेळेत विजयी झाले. १९६४ साली टोकियोत, आंत्रपुच्छाच्या शस्त्रक्रियेनंतर काही आठवड्यांतच, बूट घालून धावताना त्यांनी तो विक्रम २ तास १२ मिनिटे ११.२ सेकंदांवर आणला.

पायांच्या दुखापती

जुलै १९६७ पासून पायांच्या दुखापतींनी त्यांचा पिच्छा पुरवला. त्या वर्षी स्पेनमधील शर्यत त्यांना अर्धवट सोडावी लागली. १९६८ च्या मेक्सिको सिटी ऑलिंपिकपूर्वी त्यांच्या नडगीलगतच्या बारीक हाडाला तडा गेला. सततच्या ताणाने पडणारा असा तडा पुरेशा विश्रांतीवाचून सांधत नाही. तरीही ते शर्यतीत उतरले, मात्र सुमारे १७ किलोमीटरनंतर थांबले. सुवर्णपदक त्यांचेच सहकारी मामो वोल्डे यांनी मिळवले.

अखेरची वर्षे

मार्च १९६९ मध्ये मोटार अपघातात त्यांच्या कमरेखालील शरीराला पक्षाघात झाला. इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात उपचार घेतल्यानंतर ते चाकांच्या खुर्चीतून धनुर्विद्येच्या स्पर्धांत उतरले. वयाच्या ४१ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.