मिखाएल उंटरगुगेनबर्गर

मिखाएल उंटरगुगेनबर्गर (१८८४–१९३६) हे ऑस्ट्रियातील तिरोल प्रांतातल्या व्योर्गल या नगराचे नगराध्यक्ष होते. जागतिक महामंदीत त्यांनी नगरपालिकेतर्फे काढलेले कागदी चलन हे स्थानिक आपत्कालीन चलनाचे सर्वाधिक चर्चिले गेलेले उदाहरण आहे.

त्यांचा जन्म हॉप्फगार्टन येथे झाला. यंत्रकामाचे शिक्षण घेऊन ते रेल्वेत लागले आणि पुढे कामगार संघटना व समाजवादी लोकशाही पक्षात कार्यरत झाले. १९३१च्या अखेरीस ते नगराध्यक्ष झाले, तेव्हा सुमारे ४,२०० वस्तीच्या या नगरात शेकडो लोक बेकार होते. करांची थकबाकी साचली होती आणि नगरपालिकेची तिजोरी रिकामी होती.

उंटरगुगेनबर्गर हे सिल्व्हिओ गेसेल यांच्या विचारांचे अभ्यासक होते. साठवलेला पैसा कुजत नाही, म्हणून मंदीत तो दडवला जातो, असे गेसेल यांचे निदान होते. त्यानुसार जुलै १९३२मध्ये १, ५ आणि १० शिलिंगांची श्रमपत्रे छापण्यात आली. तेवढीच रक्कम स्थानिक पतसंस्थेत तारण म्हणून ठेवली होती. हुंडी मुदतीपर्यंत आपले मूल्य राखते. या पत्रावर मात्र दरमहा मूल्याच्या १ टक्क्याचे तिकीट चिकटवावे लागे, अन्यथा ते पूर्ण किमतीला चालत नसे. त्यामुळे पत्र हाती आलेला प्रत्येक जण ते लवकर खर्च करी. अनेकांनी थकलेले कर याच पत्रांनी भरले आणि नगरपालिकेने तीच पत्रे पुन्हा मजुरीपोटी दिली. रस्ते दुरुस्त झाले, एक पूल व बर्फावरील घसरखेळाचा उतार उभा राहिला. प्रत्यक्ष चलनात असलेली रक्कम सरासरी काही हजार शिलिंगच होती, हे विशेष.

शेजारच्या किर्शबिशलनेही हा मार्ग स्वीकारला. अमेरिकेत इर्व्हिंग फिशर यांनी अशा तिकीटचलनाचा पुरस्कार केला. चलन काढण्याचा एकाधिकार असलेल्या ऑस्ट्रियाच्या राष्ट्रीय बँकेने मात्र हरकत घेतली आणि सप्टेंबर १९३३मध्ये श्रमपत्रे बंद झाली. नगरपालिकेचे अपीलही न्यायालयाने फेटाळले. प्रयोग जेमतेम वर्षभर चालल्याने त्याच्या यशाचे किती श्रेय चलनाला आणि किती थकीत करवसुलीला द्यावे, यावर अर्थतज्ज्ञांत मतभेद आहेत.

फेब्रुवारी १९३४मध्ये समाजवादी लोकशाही पक्षावर बंदी आली आणि उंटरगुगेनबर्गर यांचे पद गेले. डिसेंबर १९३६मध्ये व्योर्गल येथे त्यांचे निधन झाले.