प्लेगची लस शोधणारे डॉ. हाफकिन

मागच्या महिन्यात आमच्या शाळेत इंजेक्शन द्यायला डॉक्टर आले होते. मी बाकाखाली लपलो. सगळी मुलं हसली. दुसऱ्या दिवशी बाईंनी आम्हाला डॉ. हाफकिन यांची गोष्ट सांगितली. तीच मी लिहीत आहे.

डॉ. हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी ओडेसा या शहरात झाला. ते शहर तेव्हा रशियात होते, आता युक्रेनमध्ये आहे. तिथे मेचनिकॉव्ह हे त्यांचे गुरू होते. शरीरातल्या काही पेशी रोगजंतूंना खातात, हे मेचनिकॉव्ह यांनी शोधून काढले. पुढे हाफकिन पॅरिसला पाश्चर संस्थेत गेले. तिथे त्यांना आधी ग्रंथालयात काम मिळाले. फावल्या वेळात ते जंतूंचा अभ्यास करायचे. १८९२ साली त्यांनी पटकीची लस तयार केली व पहिल्यांदा स्वतःलाच टोचली. १८९३ साली ते भारतात आले.

१८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली. खूप माणसे मेली. लोक घरेदारे सोडून गावाकडे पळाले. तेव्हा सरकारने हाफकिन यांना मुंबईला बोलावले. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना छोटीशी जागा दिली. मदतीला एक कारकून आणि तीन शिपाई होते, बस्स. त्यांनी मटणाच्या रसात तुपाचे थेंब टाकून प्लेगचे जंतू वाढवले. मग ते तापवून मारले. त्याचीच लस झाली. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती आधी स्वतःला टोचून घेतली. त्यांना ताप आला, पण ते बरे झाले. मग इतरांना लस दिली.

मेलेल्या जंतूंचा काय उपयोग, असे मी बाईंना विचारले. बाईंनी सांगितले, की आपल्या शरीरात टी पेशी नावाचे शिपाई असतात. छातीच्या हाडामागे एक ग्रंथी आहे. ती त्यांची शाळा. जे शिपाई आपल्याच शरीरावर धावून जातील, त्यातले बहुतेक तिथेच काढून टाकतात. जंतू आला की दुसरी पेशी त्याचा तुकडा टी पेशीला दाखवते. पण एवढ्याने ती उठत नाही. तिला दुसरी खूण लागते. दोन्ही खुणा पटल्या की ती जागी होते आणि एकीच्या पुष्कळ होतात. कोणी मदत करतात, कोणी रोगट पेशी मारतात, कोणी भांडण पुरे म्हणून इतरांना आवरतात. थोड्या पेशी जंतूची आठवण ठेवून राहतात. लस म्हणजे लढाईआधीची कवायत. टी पेशींची ही माहिती हाफकिन यांच्या वेळी कोणालाच नव्हती.

पुढे वाईट गोष्ट घडली. १९०२ साली पंजाबात मुल्कोवाल गावी एकाच बाटलीतली लस दिलेली १९ माणसे धनुर्वाताने मेली. सगळ्यांनी हाफकिन यांना दोष दिला. त्यांचे मुंबईचे काम गेले. नंतर कळले, की बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता व तो नीट स्वच्छ केला नव्हता. म्हणजे त्यांची चूक नव्हती. पण हे मान्य व्हायला १९०७ साल उजाडले. मला वाटते, टी पेशी दोन खुणा बघते, मग लढते. माणसांनी मात्र एकच बघितली.

परळच्या त्यांच्या प्रयोगशाळेला १९२५ साली हाफकिन यांचे नाव दिले. २६ ऑक्टोबर १९३० रोजी ते स्वित्झर्लंडमध्ये वारले. माझे बाबा रोज वसईहून गाडीने परळला कामाला जातात. ते म्हणाले, सुट्टीत तुला ती संस्था बाहेरून दाखवीन.

आता डॉक्टर आले की मी रांगेत पहिला उभा राहणार. दुखणार तर आहेच. पण बाकाखाली नाय लपणार.

इयत्ता ४ थी