पॉल साबातिए
पॉल साबातिए (५ नोव्हेंबर १८५४ – १४ ऑगस्ट १९४१) हे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ होते. धातूच्या अतिसूक्ष्म चूर्णाच्या साहाय्याने सेंद्रिय संयुगांचे हायड्रोजनीकरण करण्याची पद्धत त्यांनी शोधली. त्याबद्दल त्यांना १९१२ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक व्हिक्टर ग्रिन्यार यांच्यासमवेत विभागून मिळाले.

जीवन

साबातिए यांचा जन्म दक्षिण फ्रान्समधील कार्कासोन येथे झाला. पॅरिसमधील शिक्षणानंतर त्यांनी मार्सेलँ बेर्तलो यांच्या हाताखाली काम केले व १८८० मध्ये डॉक्टरेट मिळवली. १८८२ मध्ये ते तुलूझला आले आणि अखेरपर्यंत तेथेच राहिले. पॅरिसहून आलेले बोलावणेही त्यांनी नाकारले. राजधानीबाहेर राहणाऱ्यास त्या काळी फ्रेंच विज्ञान अकादमीचे पूर्ण सदस्यत्व मिळत नसे. हे पाहता हा निर्णय सोपा नव्हता. १९१३ मध्ये अकादमीने बाहेरगावच्या शास्त्रज्ञांसाठी जागा निर्माण केल्या, तेव्हा पहिली निवड साबातिए यांचीच झाली.

संशोधन

१८९६ मध्ये आंरी म्वासाँ व शार्ल मूरू यांनी निकेलच्या चूर्णावरून ॲसिटिलीन वायू सोडला, तेव्हा त्याचे विघटन झाले. धातूच्या छिद्रांत वायू शोषला जाऊन निर्माण होणारी उष्णता हे त्याचे कारण, असे त्यांचे मत होते. साबातिए यांना मात्र येथे धातू व वायू यांचा रासायनिक संयोग होत असावा असे वाटत होते. म्वासाँ हे काम पुढे नेणार नाहीत याची खात्री करून घेऊनच त्यांनी आपले प्रयोग सुरू केले.

झाँ-बातिस्त सांदराँस या धर्मगुरू सहकाऱ्यासह त्यांनी निकेलवरून एथिलीन सोडले. बाहेर पडलेल्या वायूत एथेन आढळले. विघटनातून सुटलेला हायड्रोजन उरलेल्या एथिलीनशी जोडला गेला होता, आणि तो निकेलने जोडला होता. मग त्यांनी एथिलीन व हायड्रोजन यांचे मिश्रणच निकेलवरून सोडले. १९०१ मध्ये याच पद्धतीने बेंझीनपासून सायक्लोहेक्झेन मिळाले. तोवर या कामी प्लॅटिनमसारखे महागडे धातू वापरले जात. निकेल त्या मानाने स्वस्त होते. एक अडचण मात्र होती : गंधकाचा अंशही निकेलला निकामी करतो.

धातूच्या पृष्ठभागावर क्षणिक, अस्थिर संयुग तयार होते व लगेच मोडते, असा साबातिए यांचा सिद्धान्त होता. उत्प्रेरकाची पकड फार सैल असू नये आणि फार घट्टही असू नये, या आजच्या नियमास त्यांचेच नाव आहे.

नोबेल पारितोषिकात सांदराँस यांना वाटा मिळाला नाही. साबातिए यांनी नोबेल व्याख्यानात त्यांचा उल्लेख केला, तरी इतकी वर्षे बरोबरीने राबलेल्या सहकाऱ्याच्या वाट्याला आलेली ही उपेक्षा खटकल्यावाचून राहत नाही.

उपयोग

साबातिए यांचे प्रयोग मुख्यतः बाष्पांवर होते. व्हिल्हेल्म नोर्मान यांनी ही क्रिया द्रव तेलांना लागू करून १९०२ मध्ये जर्मनीत एकस्व घेतले. आपल्याकडील वनस्पती तुपाचा डबा याच वाटेने स्वयंपाकघरात आला. अपुऱ्या हायड्रोजनीकरणातून उद्भवणाऱ्या ट्रान्स मेदाचे दुष्परिणाम पुढे कळले. कार्बन डायऑक्साइड व हायड्रोजन यांपासून मिथेन व पाणी देणारी ‘साबातिए अभिक्रिया’ आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात पाणी परत मिळवण्यासाठी योजण्यात आली.

अलीकडे हरित रसायनशास्त्रात धातूंचे नॅनोकण हायड्रोजनीकरणासाठी वापरले जातात. कण जितका लहान, तितका वजनाच्या मानाने त्याचा पृष्ठभाग अधिक. त्यामुळे धातू कमी लागतो आणि अनेकदा कमी तापमानही पुरते. निकेलचे कण चुंबकाने गोळा करून पुन्हा वापरता येतात.