आनंदीबाईंचा अठ्ठावन्न दिवसांचा प्रवास



शाळेतल्या पृथ्वीगोलावर कोलकात्यापासून न्यूयॉर्कपर्यंत दोरी ताणून धरा. हे अंतर सुमारे १२,७०० किलोमीटर भरतं. मोठं विमान ताशी साडेआठशे ते नऊशे किलोमीटर जातं. आता भागाकार करा. कुठेही न थांबता गेलं तर चौदा-पंधरा तास लागतील.

पण विमानाचा शोध लागण्याआधी एक अठरा वर्षांची मराठी मुलगी या प्रवासाला निघाली. तिला ५८ दिवस लागले. ती म्हणजे डॉ. आनंदीबाई जोशी.

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ रोजी झाला. माहेरचं नाव यमुना. माहेर कल्याणचं. वयाच्या नवव्या वर्षी त्यांचं लग्न झालं. पती गोपाळराव पोस्टात नोकरीला होते आणि वयानं खूप मोठे होते. बायकोनं शिकावं हा त्यांचा ध्यास. मात्र स्वभाव फार कडक, प्रसंगी मारहाणही करत.

चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मुलगा झाला, पण तो दहा दिवसांतच गेला. वेळेवर औषधोपचार मिळाला नाही. त्या काळी बायका पुरुष डॉक्टरांकडे जायला लाजत आणि स्त्री डॉक्टर तर मिळतच नसे. तेव्हा आपणच डॉक्टर व्हायचं, असं त्यांनी ठरवलं.

अमेरिकेतल्या कार्पेंटरबाईंशी त्यांचा पत्रव्यवहार सुरू झाला. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणत. समुद्र ओलांडला की धर्म बुडतो, असं लोक मानत. खूप विरोध झाला. तरी ७ एप्रिल १८८३ रोजी त्या कोलकात्याहून जहाजानं निघाल्या. सोबत घरचं कुणीच नव्हतं. विमानासारखी सरळ वाट जहाजाला कुठली? सुएझ कालव्यातून, इंग्लंडमार्गे वळसा घालत ४ जूनला त्या न्यूयॉर्कला पोचल्या.

फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात त्या शिकल्या. कडाक्याची थंडी, परकं अन्न. तरी त्यांनी साडी आणि शाकाहार सोडला नाही. तब्येत मात्र ढासळली. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना एम.डी. पदवी मिळाली. अमेरिकेत डॉक्टर झालेल्या त्या पहिल्या भारतीय महिला. पदवीदान समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या.

कोल्हापूरच्या दवाखान्यात स्त्रियांच्या विभागात त्यांची नेमणूक झाली होती. पण क्षयरोगानं गाठलं. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं. वय बावीससुद्धा पूर्ण नव्हतं. त्या दवाखान्यात काम सुरू करायला त्यांना मिळालंच नाही. राईट बंधूंचं विमान उडालं ते त्यानंतर सोळा वर्षांनी, १९०३ साली.

मित्रांनो, मग आनंदीबाईंचे कष्ट वाया गेले का? मुळीच नाही. त्यांच्या मागून कितीतरी मुली डॉक्टर झाल्या. आज बाळंतपणाला दवाखान्यात डॉक्टरबाई भेटतात, त्याची सुरुवात अशा बायकांनी केली.

पालकांना एवढंच सांगणं. वाडीवरून, तांड्यावरून पुढची शाळा चार-पाच किलोमीटर लांब असते, म्हणून कुठे कुठे मुलीचं नाव काढतात. गावाकडच्या मुलींना शाळेसाठी एस.टी.चा मोफत पास मिळतो. तो काढा, पण मुलीची शाळा सोडवू नका. ५८ दिवसांच्या वाटेपुढं आपली वाट ती केवढीशी!