राजा सर टी. माधवराव आणि विवाहाबाहेरच्या नात्यांचा प्रश्न

संस्थानी कारभारातील नामवंत मुत्सद्दी राजा सर टी. माधवराव यांचा जन्म २० नोव्हेंबर १८२८ रोजी तामिळनाडूतील कुंभकोणम येथे झाला. तंजावरच्या मराठी राजवटीबरोबर दक्षिणेत स्थिरावलेल्या देशस्थ ब्राह्मण घराण्यातील ते होत. वडील रंगराव आणि चुलते व्यंकटराव या दोघांनीही त्रावणकोरचे दिवाणपद भूषविले होते. मद्रासमधील शिक्षणानंतर १८४९ मध्ये माधवराव तेथील राजपुत्रांचे शिक्षक झाले आणि १८५८ पासून १८७२ पर्यंत दिवाण होते.

मराठी घरात वाढलेल्या या अधिकाऱ्याला तेथे अगदी निराळी कुटुंबरचना आढळली. नायर समाजात वंश आणि मालमत्ता आईकडून चालत असे. पुरुषाने स्त्रीला वस्त्र दिले की 'संबंधम्' जुळे आणि दोघांपैकी कोणालाही तो मोडता येई. मुले आईच्या तरवाडाची, म्हणजे मातृकुळाची, मानली जात. राजघराणेही याला अपवाद नव्हते. माधवरावांचे शिष्य महाराज आयिल्यम तिरुनाळ यांच्या सहचारिणी कल्याणीकुट्टी अम्मची यांना राणीचा दर्जा नव्हता. १८८० मध्ये महाराजांच्या निधनानंतर गादीवर आले ते त्यांचे धाकटे बंधू विशाखम तिरुनाळ.

माधवरावांनी मिरी व तंबाखूची सरकारी मक्तेदारी मोडली आणि राज्य कर्जमुक्त केले. दंगली व मद्रास सरकारचा दबाव यांनंतर १८५९ मध्ये नाडार स्त्रियांना अंगावर वरचे वस्त्र घेण्याची मुभा देणारा जाहीरनामा त्यांच्याच कारकिर्दीत निघाला. संबंधम् मात्र कायद्याच्या कक्षेबाहेरच राहिला. बाहेरून आलेल्या दिवाणाने राजाच्याच घरातील चालीला हात घालणे सोपे नव्हते, हेही खरे.

पुढे इंदूरचे आणि १८७५ ते १८८२ या काळात बडोद्याचे दिवाणपद सांभाळून ते मद्रासला परतले. दरम्यान त्रावणकोरच्या उत्तरेकडील ब्रिटिश मलबारमध्ये हा प्रश्न तीव्र झाला होता. तेथील न्यायालये संबंधम्‌ला कायदेशीर विवाह मानत नसत. वकिली व नोकरीतून पुरुषांची स्वतंत्र कमाई वाढू लागली, पण त्या कमाईवर सहचारिणीचा वा मुलांचा हक्क नव्हता. पुरुष निवर्तल्यास ती त्याच्या बहिणीच्या कुळाकडे जाई.

मलबारच्या जमीनधाऱ्याची चौकशी करण्यासाठी १८८४ मध्ये नेमलेल्या समितीचे अध्यक्षपद माधवरावांकडे होते. तिचे एक सदस्य, तरुण वकील सी. शंकरन नायर यांनी १८९० मध्ये मद्रास विधान परिषदेत मलबार विवाह विधेयक मांडले. १८९१ मध्ये न्यायमूर्ती टी. मुथुस्वामी अय्यर यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला गेला. त्याच वर्षी ४ एप्रिल रोजी माधवरावांचे मद्रास येथे निधन झाले. तिरुवनंतपुरमच्या सचिवालयासमोर त्यांचा पुतळा असून तो परिसर 'स्टॅच्यू' याच नावाने ओळखला जातो.

१८९६ च्या कायद्याने केवळ नोंदणी केलेल्या संबंधम्‌ला विवाहाचा दर्जा दिला. नोंदणीसाठी फारच थोडी जोडपी पुढे आली. त्रावणकोरमध्ये १९१२ साली नायर कायदा झाला. मलबारमध्ये मात्र नोंदणीविना मान्यता मिळण्यास १९३३ साल उजाडावे लागले.

स्वतंत्र भारतात २००५ च्या घरगुती हिंसाचार प्रतिबंधक कायद्याने विवाहसदृश नात्यातील स्त्रीला संरक्षण दिले. समलिंगी जोडप्यांच्या विवाहाला मान्यता देण्यास सर्वोच्च न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२३ रोजी नकार दिला आणि त्याबाबतचा निर्णय कायदेमंडळावर सोपविला.