धडगावच्या घाटातली जीप कुठून आली? गोष्ट के. सी. महिंद्रांची

मी पाच वर्षांचा असताना भर पावसात, रात्री आईला बाळंतपणासाठी धडगावहून शहाद्याला न्यायचं होतं. घाटात रस्त्यावर चिखल आलेला. ड्रायव्हरकाकांनी छोटा दांडा ओढला आणि जीप मुंगीच्या चालीने पार झाली. सकाळी धाकटा भाऊ झाला.

मित्रांनो, ही गाडी भारतात आणणारा माणूस मुळात गाड्यांच्या धंद्यातला नव्हताच!

कैलासचंद्र महिंद्रा यांचा जन्म १८९४ चा, लुधियानाचा. केंब्रिजला शिकले. दुसऱ्या महायुद्धात ते भारत सरकारच्या खरेदी मंडळाचे प्रमुख म्हणून अमेरिकेत होते. तिथे त्यांची गाठ बार्नी रूस यांच्याशी पडली. विलीज जीपचं इंजिन दमदार करणारे इंजिनिअर ते हेच.

छोट्या दांड्याची कमाल

इंजिन २.२ लिटरचं, ताकद फक्त ६० हॉर्सपॉवर. पण ट्रान्सफर केसमुळे ती चारही चाकांना मिळते. लो रेंज टाकली की वेग जवळपास निम्मा, ओढ जवळपास दुप्पट! युद्धासाठी बनलेली ही गाडी कच्च्या रस्त्यांच्या देशात चालेल, हे के. सीं.नी ओळखलं.

१९४५ मध्ये भाऊ जे. सी. आणि मलिक गुलाम मुहम्मद यांच्यासोबत त्यांनी 'महिंद्रा अँड मोहम्मद' काढली. धंदा पोलादाचा. फाळणी झाली, गुलाम मुहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले. १९४८ मध्ये कंपनीचं नाव 'महिंद्रा अँड महिंद्रा' झालं. त्याआधीच, १९४७ मध्ये, ७५ जीप सुट्ट्या भागांत मागवल्या होत्या. पुढे मुंबईत माझगावला जुळणी सुरू झाली आणि हळूहळू भागही इथेच बनू लागले. आम्ही सॉफ्टवेअरवालेही तेच करतो: आधी दुसऱ्याचा कोड चालवून बघायचा, मग स्वतःचा लिहायचा.

एक जीप, दोन वाटा

१९५१ मध्ये जे. सी. गेले, १९६३ मध्ये के. सी. त्याच सालच्या मॉडेलपासून अमेरिकेत जीपची मोठी, ऐसपैस वॅगनीअर आली. हवा तर ऑटोमॅटिक गिअरही. ती १९९१ पर्यंत बनत राहिली. तिकडे जीप कुटुंबाला फिरवणारी आरामदार गाडी झाली. आमच्या सातपुड्यात मात्र एसटी न पोचणाऱ्या पाड्यांवरून ती बाजाराची माणसं आणि आजारी माणसं वाहत राहिली.

के. सी. आमच्या घाटात कधी आले होते की नाही, कोण जाणे. पण भावाच्या वाढदिवसाला मला त्या ड्रायव्हरकाकांसोबत त्यांचीही आठवण येते.